पार्किन्सन्स: आईला पांढऱ्या ताटलीतला भात दिसत नाही. दोष डोळ्यांचा की आणखी कशाचा?

सुपातला_खडा (नाशिक)

आई ७१ वर्षांची. पार्किन्सन्सला सहा वर्षं झाली. सिंडोपा ही पार्किन्सन्सची गोळी दिवसातून चार वेळा, शिवाय उजव्या हाताच्या कंपासाठी एक जुनी गोळी. चालणं बरं आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून तीन वर्षं झाली आणि तेवढ्यात तीन चष्मे झाले. दर वेळी भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचते. "आजी, नजर झकास आहे," ऐकून आम्ही घरी. घरी पेपर उघडला की पाच मिनिटांत ओळीवर ओळ चढते म्हणते.

गेल्या महिन्यात दहीभात वाढला, पांढऱ्या मेलामाइनच्या ताटलीत. मधला खाल्ला, कडेचा तसाच, आणि म्हणे "संपला". मला वाटलं भूक नसेल. मग तिने बोटांनी ताटली चाचपली. हीच बाई सुपातल्या तांदळातला पांढरा खडा बोलता बोलता टिपायची.

दुसरं म्हणजे, तिन्हीसांजेला हॉलच्या कोपऱ्यात तिला एक लहान मुलगा बसलेला दिसतो. घाबरत नाही. "त्याला बिस्किट दे" म्हणते. तिथे खुर्चीवर माझं जर्किन असतं. बायको म्हणते डॉक्टरांना सांगा. आई म्हणते, सांगितलंस तर मला वेडी ठरवतील. चौथा चष्मा करू की काय करू?

तिरपी_काच

ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चौथा चष्मा लगेच नको. तक्त्यावर काळी अक्षरं पांढऱ्यावर असतात, म्हणून ती वाचता येतात. दहीभात पांढऱ्यावर पांढरा. ही नजर वेगळी, तिची तपासणीही वेगळी. "कॉन्ट्रास्ट बघा" असं मागून घ्या. ओळ चढते तेव्हा त्यांना एक डोळा झाकायला सांगा. झाकल्यावर ओळ सरळ झाली तर वाचताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीयेत. पार्किन्सन्समध्ये हे सर्रास होतं, प्रिझमची काच किंवा वाचायचा वेगळा चष्मा लागतो. चष्मा प्रोग्रेसिव्ह (वरून लांबचं, खालून जवळचं दिसणारा) असेल तर जिना उतरताना काढायला लावा, खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. पापण्याही कमी मिटतात, त्याने डोळे कोरडे पडतात. ते बघून घ्या.

गावाकडचा_बंड्या

तिन्हीसांजेला मूल दिसतं म्हणताय, एकदा दृष्ट काढून बघा. खर्च काय, मीठ-मोहऱ्या.

हॅरोची_माई

बंड्या, काढू दे की. पण मग डॉक्टरांकडेही जाऊ दे.

सुपातला_खडा, डोंबिवलीत पंचवीस वर्षं गणित शिकवलं, आता मुलीकडे लंडनला असते. आमच्या ह्यांचं पार्किन्सन्सचं नववं वर्ष. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. तेव्हा मी नऊ वर्षांची शुभंकर, कधी कधी भयंकर.

आपल्याला वाटतं हा हातापायांचा आजार. पण या आजारात मेंदूत जे डोपामाइन नावाचं रसायन कमी पडतं, ते डोळ्याच्या पडद्यातही असतं. तिथल्या काही पेशी ते सोडतात आणि फिकट-गडद ओळखायला त्याची मदत होते. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या बोडिस-वॉलनर आणि यार या न्यूरॉलॉजिस्टनी दाखवलं होतं, की या रुग्णांत डोळ्यांनी बघितलेल्याचा मेंदूतला प्रतिसाद उशिरा उमटतो. म्हणजे तुमच्या आईचा चष्मा बरोबर असेल, निरोप उशिरा आणि पुसट पोचत असेल.

आमच्या इथे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये रिमोना वाइल म्हणून न्यूरॉलॉजिस्ट आहेत, त्यांचं कामच पार्किन्सन्स आणि नजर हे. त्यांच्या गटाची एक चाचणी मला फार आवडली. कुत्र्या-मांजरांची चित्रं वाकडी, ताणलेली करून दाखवायची आणि काय आहे ते ओळखायचं. संगणकावर "मी रोबो नाही" म्हणताना वेडीवाकडी अक्षरं वाचायला लावायचे ना, त्यावरून सुचलेलं. चष्म्याने इथे भागत नाही, आकार जुळवायचं काम मेंदूचं. नातीने फोनवर तसली चित्रं केली. ह्यांनी एका मांजराला कुत्रा म्हटलं. मी दोन मांजरांना म्हटलं. तेव्हा घरी परीक्षा घेऊ नका, बिनकामाची भांडणं होतात.

एक गोष्ट जड आहे, पण लपवत नाही. अशा चाचण्या ज्यांना अवघड जातात त्यांच्यात पुढे विस्मरण, गोंधळ यांचा धोका जास्त दिसला आहे. हा गटाचा हिशोब झाला. सरासरीवरून एका मुलीचे मार्क सांगता येत नाहीत, हे मी वर्गात पंचवीस वर्षं सांगत आले. तुमच्या आईचं काय होईल ते यातून कळत नाही.

मुलगा दिसतो ते मात्र याच आठवड्यात सांगा. ह्यांना आधी पाठीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं, "पाहुणा" म्हणायचे. वर्षभर बोलले नाहीत, कारण तेच, वेडा ठरेन. अंधुक उजेडात जर्किनचं मूल होतं, कारण पुसट चित्र मेंदू स्वतःच पुरं करतो. हे वेड नव्हे. आणि ती कंपाची जुनी गोळी कुठली ते विचारा. त्यातल्या काहींनी जवळचं धूसर दिसतं आणि भासही वाढतात. आपल्या मनाने बंद करू नका! लघवीचा संसर्गही तपासून घ्या, त्यानेही भास वाढतात. आणि भासांवर कोणी गोळी देऊ लागलं तर आधी न्यूरॉलॉजिस्टना फोन. काही जुन्या गोळ्यांनी माणूस लाकडासारखा कडक होतो.

ताटली आजच बदला. गडद निळी किंवा हिरवी, नक्षी नको. स्टील चमकतं, तेही नको. दिवे तिन्हीसांजेच्या आधी.

सुपातला_खडा (नाशिक)

माई, "विस्मरण" वाचून दोन दिवस इथे आलोच नाही. राग आला होता, तुमच्यावर नाही.

काल जाऊन आलो. डॉक्टरांनी मला बोलू दिलं नाही, सरळ आईला विचारलं, "आजी, घरात कोणी दिसतं का?" आई म्हणाली, "दिसतो. लहान आहे. शाळेत घालायला हवा त्याला." डॉक्टर हसले, आईही हसली. कंपाची गोळी हळूहळू कमी करायची आहे, लघवी तपासायला दिली. एक डोळा झाकल्यावर ओळ खरंच सरळ झाली, तिरपी_काच यांचे आभार.

निळ्या ताटलीत दहीभात वाढला. सगळा संपवला आणि वर विचारते, आज एवढा का वाढलास? जर्किन कपाटात गेलंय. मुलगा काल आला नाही, पण आईने बिस्किट काढून ठेवलं होतं.

हॅरोची_माई

छान. दारात काळं पायपुसणं आहे का हो? आमचे हे त्याला खड्डा समजून उंबऱ्यातच थिजायचे. तिथे जमिनीवर आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, आता पट्टी पट्टी ओलांडत येतात.

सुपातला_खडा (नाशिक)

आहे. काळंच. आई रोज त्याला वळसा घालून जाते, आम्हाला वाटायचं पाय पुसायचा कंटाळा. उचललं.