मदत हवी आहे : उपचारासाठीच्या आवाहनाची खातरजमा कशी करावी?

नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका लहान मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी आवाहन आले. सोबत क्यूआर कोड, रुग्णालयाच्या अंदाजपत्रकाचा अर्धवट कापलेला फोटो आणि ‘आज रात्रीपर्यंत’ अशी मुदत. पत्नीने लगेच पाचशे रुपये पाठवले, कारण एखाद्या वेळी फसलो तरी चालेल, पण खरा गरजू सुटू नये, असे तिचे मत आहे. वडील दारी आलेल्याला शिधा देतात, मात्र अनोळखी खात्यात रुपयाही टाकत नाहीत. मी आधी कागद मागणारा (घरात याला कंजूषपणा म्हणतात).

संस्था असेल तर महाराष्ट्रात १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे झालेली तिची नोंदणी तपासता येते. व्यक्तीच्या आवाहनाला तो आधार नाही. शिवाय राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात, हे त्या कुटुंबाला कोणी सांगितले होते की नाही, तेही कळत नाही.

रुग्णालयाच्या बिल विभागात चौकशी करून रक्कम थेट रुग्णाच्या नावे भरण्याचा अनुभव कोणाला आहे का? आणि आधीच खचलेल्या आईवडिलांना न दुखावता ही विचारपूस कोणत्या शब्दांत करावी?