गिटमध्ये एका ब्रँचला दोन अपस्ट्रीम ठेवता येतात का?

विश्रामबागकर:
सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचा हळदीच्या सौद्यांचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते मी गिटवर (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर) सांभाळतो. त्याचा पाया एका मुक्तस्रोत प्रकल्पाचा असून तो ‘मूळ’ या रिमोटवर (दूरच्या कोडसाठ्यावर) आहे; हमाली-तोलाईच्या कपातीचे बदल पुण्याच्या सहकाऱ्यांनी केले असून ते ‘पुणे’ या रिमोटवर आहेत. माझ्या ‘दुकान’ ब्रँचचा (कामाच्या स्वतंत्र शाखेचा) अपस्ट्रीम, म्हणजे ती जिच्याशी ताडली जाते आणि जिच्याकडून बदल घेते ती शाखा, पुणे/मेन आहे. त्यामुळे मूळ प्रकल्प किती पुढे गेला, हे मला ऐन हंगामात शेतकऱ्याची पट्टी चुकल्यावरच कळते. कॉन्फिगमध्ये (गिटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) मर्जची, म्हणजे कोणती शाखा आपल्यात मिसळायची हे सांगणारी, दुसरी ओळ घालून पाहिली, पण साधले नाही.

मिरजकर:
साधणारही नाही. ब्रँचच्या नोंदीत ज्या रिमोटवरून पुल करायचे (बदल आणून मिसळायचे) तो एकच असतो, त्यामुळे मर्जच्या दोन्ही ओळी त्याच रिमोटवर शोधल्या जातात. त्या सापडल्याच तर गिट ‘ऑक्टोपस’ मर्ज (अनेक शाखा एकदम मिसळणे) करू पाहतो आणि हाताने सोडवण्याजोगा कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) दिसताच माघार घेतो. अपस्ट्रीम आहे तोच राहू द्यावा. ‘गिट फेच --ऑल’ करून सर्व रिमोटवरचे नवे बदल आणल्यावर ‘गिट रेव्ह-लिस्ट --लेफ्ट-राइट --काउंट दुकान...मूळ/मेन’ चालवावे. डावा आकडा केवळ आपल्याकडील कमिटांचा (नोंदवलेल्या बदलांचा), उजवा केवळ त्यांच्याकडील. मधली टिंबे तीनच हवीत.

कृष्णाकाठ:
मोजणी ठीक, पण खरी अडचण मला वेगळी वाटते. पुणेकर मूळ प्रकल्पातील काम मर्ज करून घेतात की चेरी-पिक (एकेक कमिट निवडून त्याची नक्कल) करून? मर्ज करत असतील तर तेच कमिट दोन्ही वाटांनी आले तरी गिट ते ओळखतो. चेरी-पिक केलेल्या कमिटाचा हॅश (ओळखक्रमांक) मात्र बदलतो. मग एकच बदल दोनदा येतो आणि पुण्याने त्या ओळींवर पुढे काही केले असेल, तर कॉन्फ्लिक्ट आपल्या गळ्यात पडतो. ‘गिट चेरी पुणे/मेन मूळ/मेन’ चालवून पाहावे. ज्या कमिटापुढे वजाचे चिन्ह दिसेल, तोच बदल पुण्याकडे आधीच पोहोचलेला आहे.

विश्रामबागकर:
आधी घाईत दोनच टिंबे दिली, तेव्हा डावा आकडा शून्य आला आणि माझे वर्षभराचे काम गेले की काय, अशी धडकी भरली. तीन दिल्यावर हिशेब जुळला. ‘गिट चेरी’मध्ये नऊ कमिटांपुढे वजा आहे, त्यांपैकी चार कपातीच्याच फाइलमधील आहेत. यापुढे मर्जच करावे, असे पुण्याला कळवले आहे. तोवर मूळ प्रकल्पातील काही थेट घेणार नाही.