शिकारीसाठी एअर रायफल घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती?

हिरवा_बांध:

मी इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहतो. गेली सहा वर्षं एका सफरचंदाच्या बागेत मालकाच्या लेखी परवानगीनं ससे आणि करड्या खारी मारतो. मागच्या आठवड्यात पुण्याहून मावसभाऊ आला होता. त्यानं माझी रायफल हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "किती फुटांची आहे?" म्हणजे छर्रा सेकंदाला किती फूट जातो. निवड या प्रश्नापासून सुरू केली की चुकतेच, असं माझं ठाम मत आहे.

माझी पहिली रायफल स्वस्तातली होती. नळी मोडून भरायची, आत कडक स्प्रिंग. चाप ओढला की दस्ता आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका द्यायचा. ३० मीटरवर माझे छर्रे बशीएवढ्या जागेत विखरायचे. हे मला माहीत होतं, तरी एका संध्याकाळी मी सशावर झाडली. ससा उडाला आणि मागचा पाय ओढत बिळात शिरला. अंधार पडेपर्यंत मी त्या बिळाच्या तोंडाशी टॉर्च घेऊन बसलो. तो बाहेर आला नाही. गवतावर चार-पाच लाल थेंब होते. ती रायफल मी पुन्हा शिकारीला नेली नाही.

सशाचा डोळा आणि कान यांच्यामधली जागा साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी. तिथे छर्रा बसला तर तो जागीच संपतो. दुसरीकडे कुठेही बसला तर तडफडतो. त्यामुळे कागदावर ते नाणं काढा आणि पाचाच्या पाच छर्रे आत बसतील इतकं अंतर शोधा. ते तुमचं अंतर. माझं २८ मीटर आहे, आणि वारा असेल तेव्हा त्याहून कमी.

इथे १२ फूट-पाउंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६ जूल ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या ३१ डिसेंबरपासून प्रमाणपत्र लागतं. सगळ्यांची ताकद एकाच मर्यादेत असल्यामुळे महाग आणि स्वस्त रायफलमधला फरक नळी, चाप आणि बांधणी यांतच असतो. शक्य असेल तर आधीच हवा भरून ठेवायची पीसीपी घ्या, असं मी सांगेन. तिला धक्का जवळजवळ नसतो.

दहा_मीटर:

नेमाबद्दल शंभर टक्के सहमत. मी कोल्हापूरच्या एका क्लबात लहान मुलांना शिकवते. १० मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि ती रायफल तुमच्या शिकारी रायफलच्या निम्म्या ताकदीचीही नसते. अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. तेव्हा बळ म्हणजे दर्जा असं समजणाऱ्यांनी एकदा क्लबात येऊन बघावं.

पण नवख्याला सरळ पीसीपी घ्या म्हणणं मला पटत नाही. तिच्यात २०० बारच्या आसपास दाबानं हवा भरावी लागते. गाडीच्या टायरात असते दोन-अडीच बार. म्हणजे पाणबुड्यांचा सिलिंडर आणा, नाहीतर हातपंपानं घाम गाळा. सील गेलं की रायफल कपाटात. चांगली स्प्रिंगची रायफल, उदाहरणार्थ वाइराउख या जर्मन कंपनीची, वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. शिवाय ती हात शिकवते. तिला घट्ट आवळून धरलं की छर्रे भरकटतात. तळहातावर नुसती ठेवायची, तिचा झटका तिला घेऊ द्यायचा. हे ज्याला जमलं त्याला कोणतीही रायफल चालवता येते. दुर्बीण मात्र स्प्रिंगसाठी बनवलेलीच घ्या. दुहेरी झटक्यानं साधी दुर्बीण खिळखिळी होते.

आणि छर्ऱ्यांचे चार-पाच वेगवेगळे डबे आणून बघा. एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांनाही वेगवेगळे छर्रे मानवतात. लांबच्या नेमाला गोल टोकाचा. चपट्या टोकाचा कागदावर सुरेख भोक पाडतो, पण अंतर वाढलं की ढेपाळतो.

माडाचा_शेंडा:

इथे सशाच्या डोळ्याची चर्चा चालली आहे. आमच्या कुडाळात येऊन बघा. चाळीस माड आहेत माझे. वानरांचा आणि केलड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या माकडांचा, कळप आला की कोवळी शहाळी तोडून अर्धी पितात, अर्धी खाली टाकतात. काजूच्या दिवसांत बोंडांचीही तीच गत. माझ्या आजोबांकडे शेतीराखणीच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलिस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची. वडिलांनी परवाना पुढे चालू ठेवला नाही.

मी मागच्या वर्षी बिनपरवान्याची मिळते ती छऱ्याची बंदूक घेतली. दुकानदार म्हणाला, हजार फुटांची आहे. मला सरळ सांगा, इंग्लंडमधल्या माणसानं बागेसाठी खार मारली तर ती शिकार, आणि मी माझ्या माडासाठी केलड्याला छर्रा मारला तर तो गुन्हा, हा कुठला न्याय?

गोठ्यातला_डॉक्टर:

मी पशुवैद्य आहे, वीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात. दादा, तुमचं नुकसान खरं आहे, पण तुम्ही करताय ते काय आहे हे मी जवळून बघितलंय.

गेल्या उन्हाळ्यात एक गावठी कुत्री आणली होती, आठ दिवस पुढच्या पायानं लंगडत होती. वरून काही दिसत नव्हतं. खांद्यावरचे केस भादरले तेव्हा गोचिडाच्या चाव्याएवढं भोक सापडलं. एक्स-रेवर हाडाला चिकटलेला पांढराशुभ्र ठिपका. छर्रा हाडावर आपटून बटणासारखा चपटा झाला होता आणि त्याच्याभोवती वाटीभर पू. कुत्रीला मालक होता म्हणून ती माझ्यापर्यंत पोचली. माकडाला कोण आणणार? ते झाडावर चार-सहा दिवस कुजत राहतं, आणि तुम्हाला वाटतं छर्रा चुकला, पळून गेलं.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार आपल्याकडे परवान्याशिवाय मिळते ती ०.१७७ बोअरची, म्हणजे नळीचं भोक ०.१७७ इंचाचं, आणि २० जूलच्या आतली. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. दीड किलोच्या सशाला, तोही नेमका डोक्यात बसला तर, तेवढी ताकद पुरते. दहा-बारा किलोच्या वानराला ती जखम करते. मारत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मारण्याचा प्रयत्न आणि जखमी करणं हीसुद्धा शिकारच धरली आहे.

रानजाई:

डॉक्टरांशी सहमत, पण मला मूळ धाग्यालाच विरोध करायचा आहे. सहा वर्षं हौसेनं जीव घ्यायचे आणि त्याला नेमाच्या शुद्धतेचं वेष्टण लावायचं. नाण्यात छर्रा बसवण्याचं कसब असेल तर ते कागदावर दाखवा. बागेला जाळी लावता येते. करडी खार परकी म्हणून मारायची, हा तर्क मला फार भीतीदायक वाटतो.

हिरवा_बांध:

रानजाई, सशांसाठी जाळी आम्ही लावली आहेच, तळाशी जमिनीत गाडून. खारीला जाळीनं फरक पडत नाही, ती वरून येते. करडी खार १८७६ मध्ये अमेरिकेतून आणून इथे सोडली. तिच्या अंगातल्या देवीसारख्या विषाणूनं तिला स्वतःला फारसं काही होत नाही, पण इथली लाल खार त्यानं मरते. इंग्लंडच्या बहुतेक भागातून लाल खार गेली आहे. करडी पिंजऱ्यात पकडली तर पुन्हा सोडणं बेकायदेशीर आहे. म्हणजे मारावी लागतेच, प्रश्न कशी एवढाच उरतो. ससे आम्ही खातो. सातारच्या आईच्या मसाल्यात, कोंबडीच्या रश्श्यासारखेच. बाजारातलं मटण खाणाऱ्यानं मला क्रूर म्हटलं तर मला ते मान्य नाही. तुम्ही शाकाहारी असाल तर तुमचा आक्षेप मी ऐकून घेईन, माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही.

माडाचा शेंडा, तुमच्या हजार फुटांबद्दल. तो आकडा बहुधा अगदी हलक्या छर्ऱ्यावर काढलेला असतो. आवाजाचा वेग सेकंदाला ११०० फुटांच्या जरा वर. छर्रा त्याच्या जवळ गेला की डगमगतो आणि नेम जातो. माझी रायफल ८०० च्या खाली चालते. आणि माडावर नेम धरायचा म्हणजे नळी आभाळाकडे. चुकलेला छर्रा कुठे उतरतो? मी मागे मातीचा उतार असल्याशिवाय चाप ओढत नाही. घरात ती कुलपात असते, १८ वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवणं इथे कायद्यानंच बांधलेलं आहे.

माडाचा_शेंडा:

कायदा मला माहीत नव्हता असं नाही. पण नुकसानभरपाईसाठी पंचनामा होईपर्यंत पुढचा घड गेलेला असतो. मग माणूस काय करणार? शेजारी पाइपात कार्बाइड घालून बार काढतात. पहिले चार दिवस केलडी पळाली. पाचव्या दिवशी बार झाला तरी माडावर बसून बघत होती.

गोठ्यातला_डॉक्टर:

ते कार्बाइडचं नळकांडं चेहऱ्याजवळ धरू नका, बार उशिरा झाला म्हणून वाकून बघितलं की डोळा जातो. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी काही प्राण्यांच्या शिकारीची लेखी परवानगी वनखातं देऊ शकतं, तशी तरतूद कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे; ती सगळ्याच प्राण्यांना लागू नाही. एकट्यानं अर्ज करू नका, वाडीतल्या सगळ्यांचा एकत्र करा, तारीखवार फोटो लावा. माकडांसाठी पिंजऱ्यांची मागणी त्याच अर्जात करा.

दहा_मीटर:

दादा, बंदूक घरात आहेच तर आधी कागदावर चालवून बघा. १५ मीटर, दहा रुपयांचं नाणं, पाच छर्रे.

माडाचा_शेंडा:

आज सकाळी खळ्यात बघितलं. मागे वाळूचं पोतं ठेवलं होतं, पोराला घरात बसवलं. पाचातले दोन आत बसले, एक तर पोत्याच्याच कडेला लागला. माझ्या माडांचे शेंडे १५ मीटरच्या वर आहेत आणि केलडं काही कागदासारखं स्थिर बसत नाही. बंदूक पोटमाळ्यावर ठेवली.

अर्ज वाडीतल्या अकरा जणांच्या सह्यांनी उद्या देतोय. तोवर गेल्या महिन्यातल्या शहाळ्यांचे पैसे कोणी देणार आहे का, ते मात्र इथे अजून कोणी सांगितलेलं नाही.