मदत हवी आहे : ‘गंडम’ची सुरुवात चित्रपटांपासून करावी की मालिकेपासून?

नमस्कार. घरातल्या दहावी-अकरावीच्या भाचरांसोबत ‘मोबाइल सूट गंडम’ हे जपानी ॲनिमेशन पाहण्याचा विचार आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. योशियुकी तोमिनो यांची 1979 साली सुरू झालेली मूळ मालिका 43 भागांची आहे, आणि तिच्यातूनच संकलित केलेले तीन चित्रपट 1981-82 मध्ये प्रदर्शित झाले.

माझ्या दृष्टीने या कथेचे खरे बळ यंत्रमानवांच्या लढायांत नसून, शत्रूच्या हल्ल्यात अचानक यंत्र चालवावे लागलेल्या पंधरा वर्षांच्या आमुरोमध्ये, निर्वासितांनी भरलेले ‘व्हाइट बेस’ हे अंतराळयान सांभाळणाऱ्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या ब्राइटमध्ये आणि ‘मी आता लढणार नाही’ म्हणणाऱ्या आमुरोवर ब्राइटने उगारलेल्या हातामध्ये आहे. तो प्रसंग मला अतिशय महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे दोघेही मुलगेच आहेत.

केवळ चित्रपट पाहिल्यास मुलांमधला हा हळूहळू होणारा बदल पुरेसा पोहोचतो का, की त्यासाठी मालिकाच पाहावी? तिसऱ्या चित्रपटात बरेच नवे चित्रांकन असल्याने तो वगळणे मला पटत नाही. शिवाय मालिकेच्या 15व्या भागावर आधारलेला, अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या पळपुट्या सैनिकाचा 2022 चा चित्रपट मध्येच दाखवावा की शेवटी? ज्यांनी या वयाच्या मुलांसोबत हे सर्व पाहिले आहे, त्यांनी आपला क्रम आणि त्यामागचे कारण कृपया सविस्तर लिहावे.