मदत हवी आहे: ड्रिबल करणाऱ्याच्या मोकळ्या हाताला फाउल कधी द्यायचा?

काही महिन्यांपासून बास्केटबॉलच्या हौशी सामन्यांत पंच म्हणून उभा राहतोय. फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम, दोन पंच. बचाव करणाऱ्याला फाउल द्यायला आता कचरत नाही. घोडं अडतं ते चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यापाशी.

परवाचंच सांगतो. गार्ड (चेंडू पुढे आणणारा खेळाडू) उजव्या हाताने ड्रिबल करत आत घुसला, डावा हात कोपरात वाकवून पुढे. तिथवर ठीक, चेंडू झाकायला हात येणारच. पण वळताना तोच हात सरळ झाला, डिफेंडर पाऊलभर मागे गेला आणि गड्याला शॉटपुरती जागा मिळाली. मला स्वच्छ दिसलं. शिट्टी तोंडातच होती, वाजवली नाही. पुढच्या चढाईत त्याच डिफेंडरचा हात मनगटाला लागला, तेव्हा मात्र लगेच वाजवली! तो काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

नियम पाठ आहे. हात लांबवून ढकलणं, डिफेंडरला हाताचा आकडा घालून पुढे निघणं, हे चेंडूवाल्याचे फाउल. फ्री थ्रो नाही (क्वार्टरमधला पाचवा सांघिक फाउल असला तरी), चेंडू समोरच्या संघाला. पण किती म्हणजे जास्त, हे तिथे उभं राहून कळत नाही.

कॅरीचं तर विचारूच नका. हात चेंडूखाली जातो, चेंडू क्षणभर थांबतो, पुन्हा ड्रिबल सुरू. जोडीचे पंच म्हणतात, "सोड रे, सगळेच करतात." तुम्ही काय करता?

प्रतिसाद:
आधी चेंडूवरून नजर काढा. डिफेंडरकडे पाहा, आणि दोघांच्या मधली फट दिसेल अशा जागी सरका. गार्डच्या थेट पाठीमागून मोकळा हात दिसतच नाही. हात सरळ झाला आणि त्यामुळेच जागा मिळाली, तर वाजवा, पहिल्या मिनिटाला असो की शेवटच्या. डिफेंडर आपणहून मागे कोसळला असेल तर नाही. कॅरीत मी एवढंच बघतो, की त्यामुळे डिफेंडर फसला का. कोणी अंगावर नसताना झालेल्या कॅरीला जाता जाता तोंडी समज देतो.

धागाकर्ता:
फटीचं लक्षातच आलं नव्हतं, मी कायम मागेच उभा असतो. शनिवारी करून बघतो. जोडीदाराला कसं पटवायचं, तेही कोणी सांगा.