नाटकातला हशा कॅमेऱ्यासमोर का पडतो?

कोपरीकर:
गडकरी रंगायतनमध्ये एकांकिकेला दणकून हशे घेणारी मुलं तोच प्रवेश मालिकेच्या ऑडिशनला करतात आणि तो थंड जातो. पाठांतर चोख, टायमिंगही तेच. मग बदलायचं काय?

विंगेतला:
टायमिंग तेच ठेवतात, तिथेच घोळ होतो. नाटकात नट हशासाठी थांबतो आणि हशा उतरू लागला की पुढचं वाक्य उचलतो. सेटवर कुणी हसत नाही. थांबण्याची सवय मात्र राहते आणि प्रवेशात नुसती भोकं पडतात. थांबायचंच तर त्या वेळात समोरच्याचं बोलणं कळताना दिसू द्या. क्लोजअपमध्ये जरा हललेली भुवईसुद्धा पुरते.

मग नजर. त्यासाठी अशोक सराफांची 'हम पांच' ही हिंदी मालिका (१९९५) बघाच. त्यात प्रिया तेंडुलकरांनी केलेली दिवंगत पहिली बायको भिंतीवरच्या तसबिरीतून बोलते. नटाला चौकटीशी संसार करायचा, आणि नजर दर वेळी त्याच उंचीवर गेली पाहिजे. जरा खाली गेली की तो भिंतीशी बोलतोय असं वाटतं. सिनेमा, नाटक, मालिका तिन्हीकडे हा माणूस इतकी वर्षं टिकला, त्यात या काटेकोरपणाचा वाटा फार मोठा आहे असं मला ठामपणे वाटतं.

कंटिन्युइटीही सांभाळा. मास्टर शॉटमध्ये (पूर्ण प्रवेश दाखवणारा मोठा शॉट) कप ज्या हाताने, ज्या शब्दावर उचलला, तसाच क्लोजअपमध्ये उचलायचा. ऐनवेळी सुचलेली गंमत फक्त क्लोजअपमध्ये घातलीत तर शॉट जुळत नाहीत आणि एडिटला तीच आधी उडते. रिहर्सललाच दिग्दर्शकाला दाखवा.

नेरुळ_पश्चिम:
घरून व्हिडिओ पाठवायचा असेल तर वेगळं सांगितलं नसल्यास मोबाईल आडवा, लेन्स डोळ्यांच्या उंचीला, फ्रेम छातीपासून वर. उजेड समोरून, पंखा बंद. समोरचे संवाद वाचणाऱ्याला लेन्सला खेटून उभं करा आणि हळू बोलायला सांगा, नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो. आधी नाव, वय, उंची, शहर, मग दोन्ही बाजूंनी चेहरा.

सेटवर माइक बहुतेकदा छातीवर कपड्यांच्या आत असतो. छातीवर हात मारायची लकब असेल तर आत्ताच मोडा, टेक वाया जातो.

कोपरीकर:
मानधनाचं काय?

विंगेतला:
बहुतेक रोजावर. दर, शिफ्टचे तास आणि प्रवासखर्च कामाआधी लेखी घ्या. पैसे अनेकदा ९० दिवसांनी येतात, तेवढ्या घरखर्चाची तजवीज हवी. १० टक्के टीडीएस, म्हणजे मानधनातून आधीच वळता केलेला आयकर, कापला तर तो आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतोय का तेही बघा. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नका.