सगळ्या नेटवर्कना एकच सीड फ्रेज: या सल्ल्याला माझा विरोध

कोथरूडकर:
‘बारा शब्द जपा, बिटकॉइन, इथेरियम, सोलाना सगळे त्यातूनच निघते’ हा परवाचा सल्ला अनेकांनी उचलून धरला, म्हणून सविस्तर लिहितो. हे बारा शब्द म्हणजे सीड फ्रेज, ज्यातून क्रिप्टो वॉलेटच्या किल्ल्या तयार होतात; बिटकॉइन, इथेरियम, सोलाना ही वेगवेगळी क्रिप्टो नेटवर्क. ऑगस्ट २०२२ मध्ये स्लोप या सोलाना वॉलेटचे मोबाइल अ‍ॅप वापरकर्त्यांच्या सीड फ्रेज उघड्या मजकुरात अ‍ॅपच्या नोंदी ठेवणाऱ्या (लॉग) सर्व्हरवर पाठवत असल्याचे आढळले. ज्यांनी तीच फ्रेज इथेरियमसाठी वापरली होती, त्यांचे तिकडचे पैसेही उघड्यावर पडले. प्रत्येक नेटवर्कला स्वतंत्र फ्रेज हवीच.

नाशिककर:
साफ असहमत. फ्रेज फोनमध्ये टाकली, हा तेथील दोष. हार्डवेअर वॉलेटमधून (किल्ली आतच ठेवणाऱ्या वेगळ्या उपकरणातून) ती बाहेर पडत नाही. माझे काका गेल्यावर त्यांच्या वहीत वाणसामानाच्या हिशेबाखाली शब्दांच्या दोन याद्या सापडल्या, पण कोणती कशाची हे लिहिलेले नव्हते. पहिली टाकली तर सोलानाची शिल्लक शून्य दिसली. ती चुकीची समजून आम्ही बाजूला ठेवली. प्रत्यक्षात यादी बरोबर होती, नव्या वॉलेटचा डेरिव्हेशन पाथ (फ्रेजमधून किल्ली काढण्याचा मार्ग) तेवढा वेगळा होता. तुमच्या सल्ल्याने काकूंच्या हाती पाच याद्या आल्या असत्या.

कोथरूडकर:
हा दोष नोंद न ठेवण्याचा आहे, याद्यांच्या संख्येचा नाही.

ठाणेकर:
आपण दोघेही कागदावरच भांडत आहात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या मल्टिसिग (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या) वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. कंपनीच्याच निवेदनानुसार पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि सही झालेला व्यवहार यांत तफावत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले तेही असेच, सही करणाऱ्यांना बनावट पडदा दाखवून. किल्ली शाबूत राहूनही पैसे जातात, मग फ्रेज एक की पाच याला काय अर्थ?

नाशिककर:
प्रत्येक धाग्यावर आपण मल्टिसिग आणता. येथे घरच्या बचतीचा प्रश्न आहे, एक्स्चेंजच्या तिजोरीचा नाही!

ठाणेकर:
घरचा माणूसही अनोळखी संकेतस्थळाला वॉलेट जोडून न वाचता ‘अप्रूव्ह’ दाबतो. अशा मंजुरीने टोकन काढून नेता येतात, मग फ्रेज तिजोरीत असली तरी उपयोग नाही. याला विषयांतर म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

नाशिककर:
एवढे नाइलाजाने मान्य करतो की रोजच्या व्यवहारांचे वॉलेट आणि बचतीचे वॉलेट यांची फ्रेज एक नसावी. मात्र ही विभागणी जोखमीनुसार व्हावी, नेटवर्कनुसार नव्हे.

कोथरूडकर:
चालेल. पण मग प्रत्येक यादीशेजारी वॉलेटचे नाव आणि पाथही लिहा.